न्यूयॉर्कमध्ये खोली मिळाली, बडोद्यात नाही: बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्त्यांची गोष्ट

कामानिमित्त नव्या शहरात जायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, राहायचं कुठे? ऑफिसपासून जवळ हवं, भाडं परवडायला हवं, जेवणाची सोय हवी. मोबाइलवर फोटो बघायचे, रेटिंग वाचायचं आणि बुकिंग करून टाकायचं.

पण छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात असो, पुण्यात असो की मुंबईत, भाड्याची खोली शोधणाऱ्या अनेकांना डिपॉझिटच्या आधी एक वेगळाच प्रश्न ऐकावा लागतो. आडनाव काय?

या प्रश्नाचं वजन काय असतं, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वयाच्या २६व्या वर्षी बडोद्यात कळलं. तेव्हा ते न्यूयॉर्क आणि लंडन या दोन्ही शहरांत राहून आलेले होते. खिशात खोलीच्या भाड्यापुरते पैसे होते, हातात संस्थानची नोकरी होती. तरीही त्या शहरात त्यांना ११ दिवसांपेक्षा जास्त राहता आलं नाही.

न्यूयॉर्क: जेवण आवडलं नाही म्हणून खोली बदलली

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेला निघाले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात एक करार होता. शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानात १० वर्षं नोकरी करायची.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तिथे गोमांसाचे पदार्थ असायचे, ते जेवण त्यांना रुचलं नाही. आठवड्याभरात त्यांनी मुक्काम कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये हलवला. तिथे काही भारतीय विद्यार्थी राहत होते. पुढे ते लिव्हिंगस्टन हॉलमध्ये राहायला गेले. तिथे त्यांच्यासोबत नवल भथेना नावाचा पारशी तरुण होता. ही मैत्री आयुष्यभर टिकली.

वरवर पाहता ही साधीच गोष्ट. जेवण पटलं नाही, खोली बदलली. पण महार कुटुंबात जन्मलेल्या, शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसलेल्या तरुणासाठी ती साधी नव्हती. राहण्याची जागा नाकारण्याचा हक्क आता त्याच्याकडे होता. आजवर नकार फक्त समोरच्याकडून यायचा.

१९१५ मध्ये त्यांनी एम.ए. पूर्ण केलं. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यासही सुरू केला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. करार पाळायचा होता, म्हणून ते बडोद्याला निघाले.

बडोदा: स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न

पुढे काय घडलं, ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १९३०च्या दशकात त्यांनी आपल्या आठवणींचं एक छोटं टिपण इंग्रजीत लिहिलं होतं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ते १९९० मध्ये प्रसिद्ध झालं.

परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच ती परत आली. जायचं कुठे?

पर्याय मोजकेच होते. हिंदूंच्या खाणावळी होत्या, पण तिथे जात सांगावी लागणार होती. खोटी जात सांगून राहिलं आणि पितळ उघडं पडलं तर काय होईल, हे त्यांना ठाऊक होतं. अमेरिकेत सोबत शिकलेले काही मित्र शहरात होते. पण आपण दारात उभे राहिलो तर ते घरात घेतील की अवघडतील, याची खात्री नव्हती. मैत्रीची परीक्षा घेणं त्यांनी टाळलं.

चौकशी केल्यावर पारशी लोकांच्या एका विश्रामगृहाचा पत्ता मिळाला. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, म्हणजे तिथे अडचण येणार नाही, असा विचार करून ते आनंदाने टांग्यात बसले.

विश्रामगृह दुमजली होतं. खाली एक वृद्ध पारशी रखवालदार आपल्या कुटुंबासह राहायचा. त्याने पाहुण्याला वर नेलं. पण कोट काढल्यावर अंगात सदरा आणि कस्ती नसल्याचं त्याच्या लक्षात आलं. ही जागा फक्त पारशांसाठी आहे, असं त्याने सांगितलं. अखेर तडजोड झाली. नोंदवहीत पारशी नाव लिहायचं आणि दिवसाला दीड रुपया द्यायचा. विश्रामगृहात दुसरा कुणी उतारू नव्हता, रखवालदारालाही चार पैसे हवे होते.

अशा रीतीने बडोदा संस्थानचा नवा अधिकारी खोट्या नावाने राहू लागला.

अकरावा दिवस

वरच्या मजल्यावर एक छोटी खोली आणि नळ असलेली न्हाणी होती. बाकीचा मोठा हॉल फळ्या, बाकं आणि मोडक्या खुर्च्यांनी भरलेला होता. वीज नव्हती. रात्री कंदिलाच्या उजेडात ते वाचत बसायचे, अंधाऱ्या हॉलमध्ये वटवाघळं फिरत असायची. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात उमेदवारी चालू होती. सकाळी दहाच्या सुमाराला बाहेर पडायचं आणि शक्य तितक्या उशिरा परतायचं, हा त्यांचा क्रम झाला होता.

दरम्यान, सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. पण दिवाणांना त्यात तातडीचं काही वाटलं नाही. अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी ते कार्यालयात निघाले होते. वाचनालयाची पुस्तकं परत करायची म्हणून गोळा करत असतानाच जिन्यावर पावलं वाजली. डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन वर आले. हा माणूस पारशी नाही, हे त्यांना समजलं होतं. बाबासाहेबांनी आठवड्याची मुदत मागितली. उत्तर मिळालं ते धमकीचं. संध्याकाळी इथे दिसलास तर परिणाम वाईट होतील.

ते लोक गेल्यावर बाबासाहेब रडले. ती जागा तुरुंगाच्या कोठडीपेक्षा बरी नव्हती, तरी डोक्यावरचं छप्पर तेवढंच होतं.

आता मित्रांची दारं ठोठावण्यावाचून इलाज नव्हता. एका हिंदू मित्राला वाईट वाटलं, पण तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असं त्याने सांगितलं. दुसरा मित्र ब्राह्मण कुटुंबातून ख्रिस्ती झालेला होता. पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून कळवतो, असं तो म्हणाला. धर्म बदलला तरी जुन्या सवयी सुटल्या नव्हत्या, हे बाबासाहेबांच्या ध्यानात आलं.

मुंबईची गाडी रात्री ९ वाजता होती. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत बसून काढले. आठच्या सुमारास ते विश्रामगृहावर गेले, सामान उचललं. वृद्ध रखवालदार बाहेर आला. दोघांनाही एकमेकांशी काही बोलता आलं नाही.

१० वर्षांच्या नोकरीचा करार होता. तो जागेअभावी अकरा दिवसांत मोडला.

या घटनेत एक गोष्ट नजरेतून सुटू नये. काठ्या घेऊन आलेले पारशी होते, न्यूयॉर्कचा सोबतीही पारशीच होता. १९२० मध्ये बाबासाहेब अपुरं शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा याच नवल भथेनांनी त्यांना ५,००० रुपये कर्जाऊ दिले. धर्म एक असला म्हणजे दारं सारखीच उघडतात किंवा मिटतात, असं नव्हतं. पण बडोद्यातली सगळी दारं एकाच कारणाने बंद झाली, आणि ते कारण पैसे किंवा पात्रता हे नव्हतं.

लंडनचा पत्ता

लंडनमधला दुसरा मुक्काम काटकसरीचा होता. सिडनहॅम कॉलेजमधल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि भथेनांचं कर्ज यावर सगळं चालायचं. अनेकदा अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस काढावा लागे. १९२१-२२ मध्ये ते उत्तर लंडनमधल्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते.

म्हणजे परदेशात सगळं सुखाचं होतं, असं नाही. फरक एवढाच की तिथली अडचण पैशाची होती. ती काटकसरीने, कर्जाने किंवा मित्राच्या मदतीने सोडवता येत होती. बडोद्यात पैसे असूनही उपयोग झाला नाही.

हेच घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक उभारलं. स्थानिक कॅम्डन कौन्सिलने निवासी घराचा संग्रहालय म्हणून वापर करायला परवानगी नाकारली होती, मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने ती दिली. बडोद्यातली कमाटी बाग आज सयाजी बाग म्हणून ओळखली जाते. २३ सप्टेंबरला आंबेडकरी अनुयायी तिथे संकल्प दिन पाळतात.

दौलताबाद ते नागसेनवन

बडोद्याच्या घटनेनंतर १७ वर्षांनी, १९३४ मध्ये, बाबासाहेब सुमारे ३० सहकाऱ्यांसह औरंगाबाद परिसरात आले होते. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. दौलताबाद किल्ल्याच्या दारात प्रवासाची धूळ धुवायला काही जणांनी हौदाच्या पाण्याने तोंड धुतलं. त्यावरून पाणी बाटवलं म्हणून जमाव अंगावर आला. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण कुणी पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देण्यात आला. तोवर बाबासाहेब गोलमेज परिषदांसाठी तीनदा लंडनला जाऊन आले होते.

याच शहरात त्यांनी पुढे कॉलेज काढलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं हे कॉलेज १९५० मध्ये सुरू झालं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. आज ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं आणि तो परिसर नागसेनवन म्हणून.

तिथे वर्गांसोबत वसतिगृहंही उभी राहिली. हा विचार नवा नव्हता. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्येच सोलापुरात वसतिगृह सुरू केलं होतं. खेड्यातला मुलगा शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळवेलही, पण त्याला खोली कोण देणार? फी माफ करून हा प्रश्न सुटत नव्हता. शिष्यवृत्ती, पदवी आणि नोकरी हातात असूनही राहायला जागा नसेल तर काय होतं, हे बाबासाहेबांनी स्वतः अनुभवलं होतं.

मराठवाड्याच्या वाड्यावस्त्यांतून पत्र्याच्या ट्रंका घेऊन आलेली मुलं नागसेनवनात राहिली, शिकली. त्यांच्यातून लेखक, प्राध्यापक, अधिकारी घडले. 'अस्मितादर्श'चे संपादक गंगाधर पानतावणे हे मिलिंदमध्ये प्राध्यापक होते.

लंडनचं घर बघायला पर्यटक जातात, ते योग्यच आहे. पण बडोद्यातल्या अकराव्या दिवसाचं खरं उत्तर पुंडलिकनगरच्याच शहरात, नागसेनवनातल्या वसतिगृहांत आहे. तिथे खोली मिळवायला कुणाला खोटं नाव लिहावं लागलं नाही.