मोटारसायकलचा कारखाना बंद केला आणि पोरांच्या सायकलीनं कंपनी वाचवली

मोबाईलवर जुन्या वस्तू नव्यासारख्या करून दाखवणारे व्हिडिओ तुम्ही बघितलेच असतील. त्यात एक सायकल हमखास येते. गंजून गेलेली, फुग्यासारख्या जाड टायरची, पसरट हँडलची आणि दांड्यांच्या मधे पेट्रोलची टाकी असावी तसा पत्र्याचा डबा बसवलेली.

कुणीतरी ती नटबोल्टपर्यंत खोलतो, गंज काढतो, क्रोम चमकवतो आणि पाच मिनिटांच्या व्हिडिओत ती पुन्हा रस्त्यावर धावायला लागते. आज या सायकलींना क्रूझर म्हणतात.

पण सायकलला टाकी कशाला? तिच्यात पेट्रोल तर जात नाही.

या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण शिकागोतल्या एका जर्मन मिस्त्रीपर्यंत पोचतो. त्याचं नाव इग्नाझ श्विन.

इग्नाझचा जन्म १८६० चा, जर्मनीतल्या बाडेन प्रांतातल्या हार्डहाइम गावातला. वडील वाद्यं बनवणारे कारागीर. इग्नाझ अकरा वर्षांचा असताना ते गेले आणि घरची घडी विस्कटली. पोरगा यंत्रकाम शिकायला लागला. हात बसल्यावर गावोगाव फिरून मिळेल ते काम करायचं, सायकली दुरुस्त करायच्या, असं त्याचं चालू होतं.

तेव्हा सायकलचं रूप बदलत होतं. पुढचं चाक माणसाएवढं आणि मागचं एवढंसं, अशी जुनी सायकल मागं पडत होती. दोन्ही चाकं सारखी आणि मधे चेन, अशी आपल्या ओळखीची सायकल नुकतीच आली होती. दिवसभर राबून आलेला इग्नाझ रात्री दिव्याखाली या नव्या सायकलीची चित्रं काढत बसायचा.

ती चित्रं घेऊन तो फ्रँकफर्टला हाइनरिश क्लायर यांच्याकडं गेला. हे पुढं आडलर नावानं गाजलेल्या कंपनीचे मालक. त्यांनी पोराला कामावर घेतलं आणि इग्नाझ तिथं कारखाना चालवायला शिकला.

१८९१ मध्ये त्यानं अमेरिका गाठली. शिकागो तेव्हा अमेरिकेतल्या सायकल धंद्याचं केंद्र होतं. काही वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यात काढल्यावर त्याला भागीदार मिळाला. अडॉल्फ अर्नॉल्ड हे मूळचे जर्मनच, मांसाच्या धंद्यात पैसा कमावलेले. पैसा अर्नॉल्डचा आणि डोकं श्विनचं, असं ठरलं आणि १८९५ मध्ये अर्नॉल्ड, श्विन आणि कंपनी उभी राहिली.

टायमिंग एकदम भारी होतं. अख्खी अमेरिका सायकलसाठी वेडी झाली होती. एकट्या शिकागोत तीसेक कारखाने होते आणि देशात वर्षाला दहा लाखांवर सायकली बनत होत्या.

आणि मग फुगा फुटला.

मोटारी आल्या. हौशी लोकांची हौस फिटली. १९०५ पर्यंत सायकलींची विक्री १९०० च्या मानानं पाव हिश्श्यावर आली. शेकडो कंपन्यांमधल्या मोजक्याच उरल्या. श्विननं मात्र बुडणाऱ्या कंपन्या स्वस्तात घेतल्या, खर्च आवळला आणि तग धरला. १९०८ मध्ये त्यानं अर्नॉल्ड यांचाही हिस्सा विकत घेतला.

पण उरलेला सायकलचा धंदा आता पूर्वीसारखा नव्हता. मोठ्या माणसांनी मोटार धरली होती, सायकल पोरांसाठी उरली होती. मोठी दुकानं स्वस्तातली सायकल मागायची आणि तिच्यावर बिल्ला स्वतःच्या नावाचा लावायची. श्विनच्या कारखान्यातूनही अशा कितीतरी नावांनी सायकली बाहेर पडल्या. म्हणून आजही एखाद्या संग्राहकाला भंगारात भलत्याच नावाची सायकल मिळते आणि सांगाडा नीट बघितल्यावर कळतं की ही तर श्विन आहे.

इग्नाझनं मग दुसऱ्या बाजूला हात मारला. १९११-१२ च्या सुमारास त्यानं एक्सेलसिअर ही मोटारसायकल कंपनी घेतली आणि १९१७ मध्ये हेंडरसन. आता हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन यांच्यानंतर अमेरिकेत तिसरा नंबर श्विनच्या गाड्यांचा होता. हेंडरसनच्या चार सिलिंडरच्या गाड्या तर पोलीस खात्यातही होत्या.

१९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. एक्सेलसिअर-हेंडरसनच्या हातात तेव्हाही ऑर्डरी होत्या. तरी १९३१ मध्ये इग्नाझनं आपल्या लोकांना बोलावलं आणि मोटारसायकलचं काम आजपासून बंद, असं सांगून टाकलं. मंदी अजून वर्षानुवर्षं चालेल, असा त्याचा हिशेब होता.

त्याचं वय तेव्हा ७१ होतं. हातातला चालू धंदा बंद केल्यावर उरली फक्त पोरांची सायकल, आणि तीही खपत नव्हती. इग्नाझनं रोजचा कारभार हळूहळू मुलाकडं, फ्रँककडं दिला.

फ्रँकनं आधी एक साधी गोष्ट तपासली. पोरांची सायकल मोडते कुठं?

अमेरिकन सायकलला तेव्हा बारीक, एकाच नळीचा टायर असायचा. तो रिमला चिकटवलेला असायचा. त्यात ट्यूब वेगळी नाही, त्यामुळं पंक्चर काढायचं म्हणजे डोक्याला ताप. आणि पोरं तर सायकल फुटपाथवरून खाली उडवणार, दगडावर आपटणार.

फ्रँक युरोपात फिरून आला होता. जर्मनीत जाड, आत वेगळी ट्यूब असलेले आणि कमी हवेवर चालणारे टायर त्यानं बघितले होते. अमेरिकेतल्या टायरवाल्यांना मात्र यात रस नव्हता. टायर बाहेरून मागवायची तयारी फ्रँकनं दाखवली, तेव्हा कुठं ते हलले.

१९३३ मध्ये श्विननं सव्वादोन इंचाला थोडा कमी, म्हणजे २.१२५ इंच रुंदीचा बलून टायर बसवलेली सायकल बाजारात आणली. टायरमध्ये हवा फक्त २२ पीएसआय. गाडीसारखं मऊ चालणारी सायकल पोरांना पहिल्यांदाच मिळाली. दोनेक वर्षांत बाकीचे कारखानदारही याच टायरवर आले.

आता टाकीकडं येऊ.

सायकलवर खोटी टाकी लावायची पद्धत श्विनच्या आधीपासून होती. पण ज्या कारखान्यानं खऱ्या मोटारसायकली बनवल्या, त्याला हे रूप कसं द्यायचं ते बरोबर कळत होतं. १९३४ च्या एरोसायकलमध्ये विमानासारखी निमुळती टाकी, गोलाकार मडगार्ड, दिवा आणि बटण दाबून वाजणारी घंटी होती. पुढच्या मॉडेलांत टाकीच्या आत हॉर्न आणि त्याच्या बॅटऱ्या बसल्या. मग पुढच्या चिमट्याला स्प्रिंग आली.

बापाला मोटार परवडत नव्हती आणि पोराला मोटारसायकल. या सायकलीवर बसून पोरगं आपण मोटारसायकल चालवतोय असं समजू शकत होतं.

वरवर हा दिखावा वाटेल, पण आत जुना जर्मन मिस्त्री होता. सांगाडा एवढा दणकट की कंपनीनं पुढं सायकलवर आयुष्यभराची हमी दिली. मागच्या चाकात असलेला ब्रेक पॅडल उलटं मारलं की लागायचा, त्यामुळं तुटायला वायरसुद्धा नाही.

इग्नाझ श्विन १९४८ मध्ये वारला. तेव्हा कंपनी जोरात होती. पुढच्याच वर्षी आलेली ब्लॅक फँटम ही काळी, क्रोमनं मढवलेली सायकल आजही संग्राहकांच्या यादीत सगळ्यात वर असते.

पण गोष्ट इथं संपत नाही.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन भागातली काही पोरं माउंट टॅमल्पायसच्या मातीच्या उतारावरून सायकली सोडायला लागली. हलक्या रेसिंग सायकली तिथं टिकेनात. टिकल्या त्या भंगारातल्या जुन्या श्विन. जो ब्रीझनं १९४१ ची श्विन फक्त ५ डॉलरला घेतली होती. पोरं टाकी, मडगार्ड, दिवा सगळं काढून फेकायची आणि वर गिअर, ब्रेक बसवायची. याच खटपटीतून माउंटन बाईक जन्माला आली. आणि त्यांनी फेकलेल्या त्याच टाक्यांसाठी आज संग्राहक वणवण करतात.

खरा वाद इथंच आहे. जुनी क्रूझर सापडली तर तिचं करायचं काय?

एक गट म्हणतो, मूळ रंग थोडासा जरी उरला असेल तर त्याला हात लावू नका. सायकल पुन्हा कितीही वेळा रंगवता येते, पण कारखान्यातला रंग एकदाच लागलेला असतो. दुसरा गट सगळं घासून नवं करतो. तिसरा मरिनच्या पोरांसारखा आपल्याला हवी तशी बनवतो.

हौशी लोक काही गोष्टी आधी बघतात. टाकी आतून बघतात, कारण विसरलेल्या बॅटऱ्या गळून पत्रा खातात. टायर घेताना आकडा कसा लिहिलाय ते बघतात. श्विनच्या नंतरच्या बऱ्याच सायकलींना १ ३/४ इंचाचा टायर लागतो. हिशेबानं १.७५ म्हणजे तेच, पण रिमचं माप वेगळं असतं आणि १.७५ छापलेला टायर बसत नाही. सायकल १९४८ च्या आधीची असेल तर नंबरवरून नेमकी तारीख मिळणं अवघड, कारण कंपनीच्या त्या काळातल्या नोंदी आगीत गेल्या. मग बिल्ला, चिमटा, वेल्डिंग यावरून वर्ष ओळखावं लागतं.

इग्नाझच्या वारसांना मात्र त्याचा धडा जपता आला नाही. ज्या माउंटन बाईकचा जन्म त्यांच्याच जुन्या सायकलीतून झाला, तिच्याकडं कंपनीनं वेळेवर लक्ष दिलं नाही. चौथ्या पिढीच्या हातात असताना, १९९२ मध्ये, कंपनी दिवाळखोरीत गेली आणि श्विन घराण्याच्या हातून सुटली.

नोंदी जळाल्या, कंपनी गेली. इग्नाझचं काम मात्र आजही कुणाच्या तरी गॅरेजमध्ये सापडतं. गंज काढला, ग्रीस भरलं, नवे टायर चढवले की ऐंशी-नव्वद वर्षांची सायकल पुन्हा चालायला लागते.

तुमच्याही घराच्या मागं आजोबांची सायकल उभी असेलच. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा तिचं चाक फिरवून बघा.