पाण्याला वाट देणारा सुलतान

विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा इतिहासाला ठाऊक आहे तो संगीताचा वेडा सुलतान म्हणून. मात्र त्याच्या कारकिर्दीची एक भक्कम खूण धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ल्यात आजही पाहावयास मिळते. ती म्हणजे बोरी नदीवरील धरण आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल!

काका अली आदिलशहा याचा १५८० मध्ये खून झाला आणि अवघ्या नवव्या वर्षी इब्राहिम गादीवर आला. काकू चांदबिबी राज्य सांभाळत होती, तर सरदार सत्तेसाठी झगडत होते. हीच संधी साधून निजामशाही व कुतुबशाही फौजांनी नळदुर्गला वेढा घातला. पण किल्ला पडला नाही. पुढे १५९० मध्ये दिलावरखानाचे वर्चस्व झुगारून इब्राहिमने कारभार हाती घेतला. 'किताब-ए-नवरस' हा दखनी गीतांचा ग्रंथ त्याने रचला. सरस्वती आणि गणपतीचे स्तवन करणारा हा सुलतान जगद्गुरू म्हणून ओळखला गेला.

नळदुर्गचे धरण १६१३ मधले. नळदुर्ग आणि रणमंडळ या दोन भागांना ते जोडते. अडवलेल्या पाण्याचा सर्वांत मोठा धोका असतो तो पुराचा. पाणी बांधावरून वाटेल तसे वाहू लागले, तर पायथा खचतो आणि बांध फुटतो. येथे मात्र जादा पाण्यासाठी 'नर' व 'मादी' हे दोन सांडवे ठेवण्यात आले. पावसाळ्यात ते धो धो कोसळतात, तरी आतील महाल सुरक्षित राहतो.

मिठागराचे खारे तळे असो वा कारखान्याचे सांडपाणी आटवणारा तलाव, नियम हाच. तेथे पाणी बाहेर सोडता येत नाही, म्हणून पावसाचे पाणी सामावण्यासाठी काठाखाली रिकामी जागा राखावी लागते. बांधाच्या सांध्यांत रुजलेली झाडे वेळीच काढावी लागतात, गाळ उपसावा लागतो.

इब्राहिमने १५९९ मध्ये वसवायला घेतलेले नवरसपूर १६२४ मध्ये मलिक अंबरच्या फौजेने उद्ध्वस्त केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १६२७ मध्ये सुलतानाचे निधन झाले. विजापूरच्या इब्राहिम रोझ्यात तो चिरनिद्रा घेत आहे. त्याच्या स्वप्नातील नगरी ओसाड पडली. बोरीचे पाणी मात्र चारशे वर्षांनंतरही त्याच्या काळात आखलेल्या वाटेनेच उतरते.