नीरेचा गूळ, साखरेचा रिपोर्ट आणि डॉ. कमला सोहोनी

गेल्या उन्हाळ्यात अंजनगाव सुर्जीच्या माझ्या दवाखान्यात साठी ओलांडलेल्या एक काकू मुलासोबत आल्या. आठ वर्षांपासून मधुमेह, गोळ्या नियमित, साखर बऱ्यापैकी आटोक्यात. या वेळी मात्र तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७.४ वरून ९.८ वर गेली होती. जेवणात काहीच बदल नाही, असे काकूंचे म्हणणे होते. तीच ज्वारीची भाकरी, तेच तुरीचे वरण. चहातली साखर तर त्यांनी पूर्ण बंद केली होती.

मुलाने मग मोबाईल दाखवला. साखरेच्या जागी घरात नीरेचा गूळ आला होता. त्याबद्दलच्या संदेशात लिहिले होते की नीरेवर मुंबईत मोठे संशोधन झाले आहे, त्याला राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले आहे, म्हणून मधुमेह असलेल्यांनी हा गूळ बिनधास्त खावा. काकू दिवसातून तीन वेळा त्याचा चहा घेत होत्या आणि जेवणानंतर एक खडा तोंडात टाकत होत्या. गूळच औषध आहे म्हटल्यावर रात्रीची गोळीही त्यांनी आपणहून बंद केली होती.

संदेशातले संशोधन खोटे नव्हते. ते खरोखर झाले होते आणि ज्यांनी केले त्या डॉ. कमला सोहोनी या महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशा शास्त्रज्ञ होत्या. मग काकूंची साखर का वाढली? याचे उत्तर कमलाबाईंच्याच आयुष्यात सापडते. आहाराची विश्वासार्ह माहिती कशी तयार होते आणि ती आपल्यापर्यंत येताना कुठे बिघडते, हे त्यातून नीट समजते.

मोठे नाव की तपासलेले काम?

कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूरला झाला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेचे सुरुवातीचे विद्यार्थी. कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएससी पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवली आणि संशोधनासाठी त्याच बंगळूरच्या संस्थेत अर्ज केला.

संस्थेचे संचालक तेव्हा सर सी. व्ही. रामन होते, नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ. मुलींना संशोधनासाठी घ्यायचे नाही, या कारणावरून त्यांनी अर्ज नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. त्या बंगळूरला जाऊन धडकल्या आणि नकाराचे कारण विचारत राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एमएससी पूर्ण केली. त्यांचे काम पाहिल्यावर रामन यांचेही मत बदलले आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

रुग्णांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगतो. रामन यांच्या भौतिकशास्त्रातल्या ज्ञानाबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते, तरी मुलींच्या क्षमतेबद्दलचा त्यांचा अंदाज चुकीचा ठरला. म्हणून एखाद्या सल्ल्याखाली मोठे नाव आहे, एवढ्यावर तो सल्ला बरोबर ठरत नाही. त्यामागे काम काय आहे, ते पाहावे लागते.

केंब्रिजमधला छोटा प्रबंध

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल मिळवणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स तिथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना दाखवले की पेशींच्या श्वसनात लागणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते. त्यांचा प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

प्रबंध किंवा शोधनिबंध मान्य कसा होतो, हे रुग्णांनाही माहीत असावे. संशोधक आपले काम लिहून काढतो. मग त्या विषयातले दुसरे जाणकार ते वाचतात. मोजमाप कसे केले, किती वेळा केले, तुलना कशाशी केली, निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा तर नाही ना, असे प्रश्न ते विचारतात. उत्तर पटले नाही तर लेख परत येतो. छापल्यानंतरही काम संपत नाही. दुसऱ्या प्रयोगशाळांनी तेच करून पाहिले आणि तेच आढळले, तर विश्वास वाढतो. या पद्धतीतही चुका सुटतात, पण त्या सापडण्याची आणि दुरुस्त होण्याची सोय तिच्यात आहे. मोबाईलवरच्या संदेशाला अशी कुठलीच चाळणी नसते.

कुन्नूरची प्रयोगशाळा

त्याच वर्षी भारतात परतून त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला. नंतर तामिळनाडूतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. भारतीय अन्नात काय किती आहे, याचे कोष्टक याच प्रयोगशाळेतून १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. २०१७ मध्ये या संस्थेने देशभरातून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांचे नवे कोष्टक काढले. जुने आकडे होते म्हणून नवे मोजायचे नाहीत, असे तिथे झाले नाही. वाण, माती आणि मोजण्याची साधने बदलतात, म्हणून पुन्हा मोजावे लागते. आहारतज्ज्ञ तुम्हाला डाळीतली प्रथिने किंवा पालकातले लोह सांगतात, तेव्हा ते बहुतेक अशाच कोष्टकांतून आलेले असते.

नीरेचे संशोधन नेमके काय होते?

१९४७ मध्ये लग्न होऊन कमलाबाई मुंबईला आल्या. पती एम. व्ही. सोहोनी हे विमागणितज्ज्ञ. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांसह गरिबांच्या ताटातल्या पदार्थांचा अभ्यास सुरू केला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून नीरेचे काम हाती घेतले गेले. नीरा म्हणजे ताड किंवा शिंदीच्या झाडाचा ताजा, न आंबलेला रस.

सूचना राष्ट्रपतींची होती म्हणून उत्तर आधीच ठरलेले नव्हते. नीरेत काय आहे हे त्यांनी आधी मोजले. त्यात लोह आणि जीवनसत्त्वे आढळली. नीरा आटवून गूळ केल्यावर त्यातले किती टिकते, हेही तपासले. पण पदार्थात एखादे पोषकद्रव्य असणे आणि ते खाऊन माणसाला फायदा होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पुढे कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलामुलींना आणि गर्भवतींना आहारात नीरा देऊन पाहिली गेली. त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले.

आता काकूंकडे परत येऊ. तो अभ्यास कोणावर झाला होता? ज्यांना पुरेसे अन्न मिळत नव्हते, अशांवर. आपल्या तालुक्याला लागून मेळघाट आहे. तिथल्या अशक्त गर्भवतीला लोह आणि जास्तीची ऊर्जा दोन्ही हवे असतात. ज्यांच्या रक्तात आधीच साखर जास्त आहे, अशा व्यक्तीला तीच ऊर्जा नुकसान करते. नीरेची गोडी साखरेचीच असते आणि ती आटवून केलेल्या गुळात बहुतांश साखरच उरते. त्यातल्या लोहामुळे साखरेचा परिणाम थांबत नाही. शिवाय ताजी नीरा उन्हात राहिली की काही तासांत आंबून तिची ताडी होते.

संदेशाने संशोधनाचे नाव घेतले आणि ते कोणावर झाले, एवढेच गाळले. त्या एका गाळलेल्या ओळीमुळे काकूंची साखर वाढली. पण दोष एकट्या संदेशाचा नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही काही रुग्णांना साखरेपेक्षा गूळ बरा, असे सहज सांगितले आहे. ऐकलेले होते, तपासलेले नव्हते. आता मी तसे सांगत नाही.

कच्ची कडधान्ये

कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे दुसरे महत्त्वाचे काम कडधान्यांवर होते. आपल्या पोटात प्रथिने पचवण्यासाठी ट्रिप्सिन नावाचा पाचक घटक लागतो. वालासारख्या कडधान्यांत या ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्ये असतात. त्यांच्या प्रयोगशाळेने ही द्रव्ये वेगळी करून त्यांचे गुणधर्म तपासले. नीट शिजवल्यावर यातला मोठा भाग निकामी होतो. म्हणजे कडधान्य भिजवून, मोड आणून, शिजवून खाण्याची घरातली रीत योग्यच आहे. केवळ कच्चीच मोड आलेली कडधान्ये खा, असा व्हिडिओ आला तर लहान मूल, गर्भवती आणि पोट नाजूक असलेल्या ज्येष्ठांना तसे देऊ नका. कच्च्या मोडांतून जंतूसंसर्गाचाही धोका असतो.

विकणारा आणि सांगणारा वेगळा असावा

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला. विज्ञान संस्थेच्या संचालक होण्याची त्यांची पाळी आली, तेव्हा पुन्हा त्या स्त्री असणे आडवे आले आणि ते पद बरेच उशिरा मिळाले. पुढे त्या मुंबईतल्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेत काम करू लागल्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या. १९६६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या ‘कीमत’ नावाच्या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. केंब्रिजला शिकलेली शास्त्रज्ञ बाजारात जाणाऱ्या माणसासाठी लिहीत होती आणि त्याला काही विकत नव्हती.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ठेवलेल्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

घरी काय तपासाल?

आहाराबद्दल काही वाचले किंवा पाहिले, की हे प्रश्न विचारा:

- हे कोणी लिहिले आहे? नाव, शिक्षण आणि तारीख दिली आहे का? दुसऱ्या जाणकाराने ते तपासले आहे का?
- अभ्यास कोणावर झाला? माणसांवर, प्राण्यांवर की फक्त प्रयोगशाळेत? त्या माणसांचे वय आणि आजार तुमच्यासारखे होते का?
- किती प्रमाणात घ्यायचे आणि कोणी घेऊ नये, हे लिहिले आहे का? मर्यादा न सांगणारा सल्ला अर्धवट असतो.
- त्याच पानावर तो पदार्थ विकायला आहे का? असेल तर ती जाहिरात समजून वाचा.
- गोळी बंद करा, असे त्यात म्हटले आहे का? तसे असेल तर तो सल्ला तिथेच सोडा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा.

मधुमेह, रक्तदाब, किडनीचा आजार किंवा गर्भारपण असेल, तर आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला. तो संदेश सोबत घेऊन या. आम्ही रागावणार नाही. बऱ्याचदा त्यातला काही भाग खरा असतो आणि तो तुम्हाला लागू होतो का, एवढेच पाहायचे असते.

काकूंनी रात्रीची गोळी पुन्हा सुरू केली. चहा आता बिनसाखरेचा आणि बिनगुळाचा. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.८ आला. उरलेला गूळ फेकू नका, असे मीच सांगितले होते. त्यांची सून तेव्हा गर्भवती होती, तिला मधुमेह नव्हता आणि तिच्या जेवणात थोडा गूळ चालणार होता. तिच्या लोहाच्या गोळ्या मात्र त्यासोबत चालूच ठेवायला सांगितल्या.