विश्लेषण : नसरीन मोहमदी यांची रेषा जगाला उशिरा का उमगली?

भारतीय चित्रकलेत माणसांची, प्रसंगांची चित्रे गाजत होती, तेव्हा नसरीन मोहमदी कागदावर फक्त रेषा आखत होत्या. आज त्यांची गणना महत्त्वाच्या अमूर्त चित्रकारांत होते. हा मान त्यांना हयातीत मिळाला नाही.

जडणघडण कशी झाली?

नसरीन यांचा जन्म १९३७ मध्ये कराचीत झाला. बालपणीच त्या कुटुंबासह मुंबईत आल्या. लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत १९५४ ते १९५७ या काळात शिक्षण घेऊन त्या बहारीनला गेल्या. तिथे वडिलांचा व्यवसाय होता. पुढे पॅरिसमध्येही त्यांनी शिक्षण घेतले. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना मूळचे नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांचा सहवास लाभला. अमूर्ताच्या वाटेवर तोच आधार ठरला.

रेषा कुठून आली?

वाळवंट, अलिबागजवळच्या किहीमचा किनारा, फतेहपूर सिक्रीचे दगडी चौक यांची छायाचित्रे त्या काढत. १९७२ पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकवू लागल्या. याच काळात रंग मागे पडले. उरली पेन्सिल, शाई आणि वास्तुविशारदांची आखणीची साधने. आधी चौकटींची जाळी आली, मग तिरक्या रेषा, शेवटी मोकळ्या कागदावर तरंगणाऱ्या मोजक्याच रेषा.

आजाराने काय बदलले?

मज्जासंस्थेच्या आजारामुळे शरीरावरचा ताबा हळूहळू सुटत गेला. तरी त्यांच्या रेषेतला काटेकोरपणा ढळला नाही. यंत्राने काढल्यासारखी वाटणारी ही रेषा शरीराशी झगडत काढलेली आहे, हे कळल्यावर तेच चित्र वेगळे दिसू लागते.

दखल उशिरा का?

नसरीन यांनी चित्रांना नावे दिली नाहीत. बहुतेकांवर तारीखही नाही. छायाचित्रे तर त्यांनी कधी प्रदर्शनात मांडलीच नाहीत. पण कारण एवढेच नाही. अमूर्त कलेचा इतिहास दीर्घकाळ युरोप-अमेरिकेभोवती फिरत राहिला. बैरूतच्या सलवा रौदा शुकेर यांनी अमूर्त चित्रांचे प्रदर्शन १९४७ मध्येच भरवले होते. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन झाले ते २०१३ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर.

नसरीन यांना तेवढा अवधी मिळाला नाही. १९९० मध्ये किहीम येथे त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये माद्रिदच्या रैना सोफिया संग्रहालयात आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये, त्या संग्रहालयाच्या पहिल्याच प्रदर्शनांत, त्यांच्या रेषा झळकल्या. तोवर त्यांना जाऊन पाव शतक उलटले होते.