वेगळ्या शाळा बंद करणारा राजा : राजर्षी शाहू महाराज

१९१९ सालचा दसरा. त्या वर्षी कोल्हापूर संस्थानात एक वेगळंच सीमोल्लंघन झालं. अस्पृश्य म्हणून बाजूला ठेवलेल्या मुलांसाठी ज्या स्वतंत्र शाळा होत्या, त्या या दसऱ्यापासून बंद करा आणि त्या मुलांना सगळ्यांच्या सरकारी शाळेत दाखल करून घ्या, असा हुकूम दरबारातून निघाला होता. हुकूम काढणारे होते छत्रपती शाहू महाराज. २६ जूनला त्यांची जयंती सामाजिक न्याय दिन म्हणून साजरी होते. आरक्षण आणि राधानगरी धरणामुळे महाराज सगळ्यांना माहीत आहेत. पण शाळेच्या एका पट्टीवर सगळी पोरं बसवण्यासाठी त्यांनी काय काय केलं, ते फारसं सांगितलं जात नाही.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. शिक्षण राजकोटला आणि पुढे धारवाडला फ्रेजर साहेबांच्या हाताखाली झालं. २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हातात आला, तेव्हा वय अवघं एकोणीस होतं.

ज्या धारवाडात महाराज शिकले, त्याच गावात १८५६ साली एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला होता. त्याला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडतील, या भीतीने प्रवेश नाकारला गेला. प्रकरण वरपर्यंत गेलं. शेवटी सरकारी खर्चाने चालणारी शाळा सर्वांना खुली, असं धोरण ठरलं, पण ते कागदावरच राहिलं. त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना वेगळं बसावं लागत होतं. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नव्हता. दार उघडं असलं तरी आतली जागा मोकळी नव्हती.

महाराजांनी सुरुवात वसतिगृहांपासून केली. खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात राहायला-जेवायला जागा मिळाली नाही, तर तो शिकणार कुठून? आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढलं, पण तिथे एकाच जातीचं वर्चस्व राहिलं. मग १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत असं करत समाजवार बोर्डिंगं उभी केली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. १९११ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांचं शिक्षण मोफत झालं.

या वाटेला एक खोट होती. मुलं शिकू लागली, पण आपापल्या भिंतीआड. भाऊराव पाटील तेव्हा कोल्हापुरात शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर अंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना स्वतःच्या वसतिगृहातून बाहेर पडावं लागलं. म्हणजे शिक्षण आलं तरी विटाळ गेला नव्हता.

१९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरगं शाळेत धाडलं नाही तर आई-बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळी रुपया लहान नव्हता. गुरं राखायला, भांगलायला घरात पोरांचे हात लागत. तरी महाराज मागे हटले नाहीत.

पुढचं पाऊल जास्त अवघड होतं. जानेवारी १९१९ मध्ये हुकूम निघाला की शाळा, दवाखाने, सार्वजनिक जागा इथे शिवाशिव पाळायची नाही. शिक्षण खात्यातल्या ज्या नोकराला हे मान्य नसेल, त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. दरबाराची मदत घेणाऱ्या शाळांकडूनही तीच अपेक्षा ठेवली. खरी अडचण गुरुजींच्या वागण्यात आहे, हे महाराजांनी ओळखलं होतं. गुरुजींनीच मुलाला व्हरांड्यात बसवलं, त्याच्या पाटीला हात लावला नाही, तर बाकीची पोरं तेच शिकणार. त्याच वर्षी दसऱ्याचा हुकूम आला आणि वेगळ्या शाळांना कुलूप लागलं.

शिकून पुढे काय, याचाही विचार त्यांनी केला. अस्पृश्य समाजातल्या लोकांना तलाठी नेमलं, वकिलीच्या सनदा दिल्या. पागेतल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायला सुरुवात केली. राजाच पितो म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींनाही कप तोंडाला लावावा लागला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांना लोकांपुढे पुढारी म्हणून उभं केलं.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय फक्त ४७.

त्यांचं काम थांबलं नाही. ज्या दसऱ्याला कोल्हापुरात वेगळ्या शाळा बंद झाल्या, त्याच दसऱ्याला, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह काढलं. पुढे त्याला नाव मिळालं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. तिथे पोरं एकत्र राबली, एकत्र जेवली. इकडे मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि इलाख्यातल्या सार्वजनिक शाळा, पाणवठे सर्वांना खुले ठरले. पण गावोगाव तो अंमलात यायला फार वेळ लागला. महाडच्या तळ्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला, तो याच कारणाने.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नव्हतं. अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या त्या १९५४ मध्ये, कोल्हापूरच्या हुकुमानंतर ३५ वर्षांनी. तरीही १९५७ मध्ये लिटल रॉक गावात नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचवायला सैन्य आणावं लागलं.

आज कायद्याने वेगळी शाळा कुठेच नाही. पण ज्याला फी परवडते तो गावातल्या झेडपीच्या शाळेतून पोर काढून पिवळ्या बसमध्ये बसवतो. ज्याला परवडत नाही त्याचंच पोर मागे राहतं. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडकडे कामाला गेलेल्या आपल्या लोकांनाही महापालिकेची शाळा आणि खासगी शाळा यातलं हेच अंतर दिसतं. हे अंतर कमी व्हावं म्हणून शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळांना यातून सूट, असा बदल राज्याने २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

जयंतीला फोटोला हार घालताना आपल्या गावच्या शाळेचा पट एकदा बघावा. त्यात कोणाची पोरं आहेत आणि कोणाची नाहीत, हे पाहिलं की महाराजांचं किती काम बाकी आहे ते कळतं. राजर्षींना विनम्र अभिवादन.