रॉबर्ट हूक आणि उलटी साखळी

रॉबर्ट हूकचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर झाला. वडील तेथील चर्चमध्ये साधे धर्मोपदेशक. ते १६४८ मध्ये वारले आणि ४० पौंडांचा वारसा घेऊन तेरा वर्षांचा रॉबर्ट लंडनला आला. प्रथम एका चित्रकाराकडे राहिला. पण रंगांच्या वासाने त्याचे डोके दुखू लागले! मग वेस्टमिन्स्टरची शाळा, पुढे ऑक्सफर्ड. तेथे त्याने रॉबर्ट बॉइलचा मदतनीस म्हणून काम केले. बॉइलच्या नावाने गाजलेला हवेचा पंप मुळात हूकने घडवलेला. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला प्रयोग दाखविण्याच्या कामावर नेमले.

१६६६ च्या आगीत लंडन जळून गेले. शहराच्या मोजणीत व नव्या बांधकामांत हूक आपला मित्र क्रिस्टोफर रेन याच्याबरोबर राबला. दगडी कमान कोणत्या आकाराची असावी, हा प्रश्न तेव्हा त्याच्यापुढे होता. उत्तर त्याला लोंबत्या साखळीत सापडले. कपडे वाळत घालायच्या दोरीला झोल पडतो, तसाच साखळीलाही पडतो. तेथे प्रत्येक कडी शेजारच्या कडीला फक्त ओढते. हाच आकार उलटा केला, की ओढीच्या जागी दाब येतो. दगड ताण सोसत नाही, दाब मात्र भरपूर सोसतो. म्हणून अशी कमान उभी राहते. मी कला शाखेचा विद्यार्थी, गणिताशी माझे सख्य नाही. तरी हे मला एका वाचनात पटले.

पण हूकने हे सरळ सांगितले नाही! १६७५ च्या सुमारास छापलेल्या पुस्तकात त्याने आपले लॅटिन वाक्य अक्षरांची उलथापालथ करून दिले. श्रेय दुसऱ्याने घेऊ नये, ही धास्ती. त्याच वर्षी घड्याळाच्या स्प्रिंगवरून त्याचा हायगेन्सशी वाद झाला होता. पुढे न्यूटनशीही बिनसले. कष्टाने वर आलेल्या माणसाची ही धास्ती मला समजते, परंतु तिने त्याचेच नुकसान केले. शिवाय त्या झोलाचे समीकरण त्याच्यापाशी नव्हते. ते १६९१ मध्ये लायब्निझ, योहान बर्नुली आणि तोच हायगेन्स यांनी प्रसिद्ध केले. लॅटिनमधील साखळीच्या शब्दावरून त्या वक्राला कॅटेनरी म्हणतात.

३ मार्च १७०३ रोजी हूक लंडनमध्ये वारला. तो अविवाहित होता. काटकसरीने राहणाऱ्या या माणसाच्या पेटीत हजारो पौंड निघाले. त्याचे निर्विवाद म्हणता येईल असे एकही चित्र उरलेले नाही. अक्षरांच्या त्या कोड्याची उकल रिचर्ड वॉलरने १७०५ मध्ये छापली.