संत एकनाथांचे भारूड

संत एकनाथ महाराज आपल्या जिल्ह्यातले. त्यांचा जन्म सुमारे १५३३ साली पैठणला झाला. संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईवडील लहानपणीच वारले, म्हणून आजी-आजोबांनी त्यांना वाढवले. पुढे ते देवगिरी किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे शिकायला गेले. तिथे हिशेबाचे कामही करावे लागे. एकदा एका पैचा मेळ लागेना, तर रात्रभर दिवा लावून बसले आणि ती पै शोधून काढलीच, अशी गोष्ट सांगतात. मला तर हिशेब म्हटला की झोप येते.

मग ते पैठणला परत आले. गिरिजाबाईंशी त्यांचे लग्न झाले. त्यांनी एकनाथी भागवत हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. तो १५७३ साली काशीला पुरा झाला. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. पण मला सगळ्यात आवडतात ती त्यांची भारुडे.

त्या काळी पोथ्या संस्कृतात असत. पुष्कळ लोकांना वाचता येत नव्हते. काहींना तर देवळातसुद्धा येऊ देत नसत. मग त्यांना चांगले कोण सांगणार? नाथांनी सुमारे ३०० भारुडे रचली. भारूड म्हणजे गाणे आणि नाटक एकत्र. त्याला पडदा लागत नाही, तिकीट लागत नाही. दारच नसते, म्हणून कुणाला अडवताही येत नाही. पटांगणात टाळ-मृदंग वाजला की झाले सुरू! त्यात वासुदेव, जोशी, जोगवा मागणारी बाई अशी रस्त्यावरचीच माणसे असतात. विंचवाच्या भारुडात माणूस विंचू चावल्यासारखा थयथय नाचतो. तो विंचू म्हणजे आपला राग न् हाव. माझ्या आजीला सही येत नाही, पण हे बरोब्बर कळते. उन्हाळ्यात आमच्या जत्रेत भारूड झाले तेव्हा ती हसून हसून खालीच बसली. नंतर पदराने डोळे पुसत होती. का ते तिने सांगितले नाही.

नाथ जसे सांगत तसेच वागत. एकदा भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत एक लेकरू रडत होते. त्याच्या घरच्यांना तेव्हा लोक शिवत नसत. नाथांनी त्याला कडेवर उचलून घरी पोचवले, असे सांगतात.

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी पैठणला देह ठेवला. त्या दिवसाला नाथषष्ठी म्हणतात. तेव्हा पैठणला खूप दिंड्या येतात, कीर्तने-भारुडे होतात. आजीला एकदा ती बघायची आहेत. पहाटेच्या एसटीने जायचे आमचे ठरले आहे.